राणीसावरगावच्या भिंतीवरचा पत्ता

“हे काय लिहून आणलंय?” धम्मशीलानं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. “ही टक्क्यांची चिन्हं कशाची? कुणाच्या पोराचा निकाल लागलाय?”

दुकानात आलेला तरुण कानकोंडा झाला. त्याला हवे होते सूर्यभान पेंटर. भेटली त्यांची लेक, हातात ब्रश अन् नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन! विवेक त्याचं नाव. परभणीतल्या एका शेतकरी कंपनीची वेबसाइट तो एकटाच सांभाळायचा. कापसावरच्या बोंडअळीचा सल्ला त्यावर द्यायचा, आणि त्या पानाचा पत्ता राणीसावरगावच्या भिंतीवर रंगवून हवा होता.

“मथळा मराठीत होता... कॉम्प्युटरनं त्याचाच पत्ता केला. कॉपी केल्यावर मराठी अक्षरांची अशी चिन्हं झाली.”

“आणि तुमी तसाच उचलून आणला! वावरातून आलेला माणूस हे सगळं मोबाइलमधी टाकत बसंल का? चालत्या सायकलवरून वाचता आलं पाहिजे, असं आमचे बाबा म्हणतात.”

“मग काय लिहू?”

“मला विचारायलाव? वेबसाइट तुमची!” पण तिला राहवलं नाही. “शेतकरी गूगलवर काय शोधतो?”

“कापूस, बोंडअळी.”

“मग पत्त्यात तेच टाका की. इंग्रजी लिपीत, कॅपिटल नको, स्मॉल अक्षरांत. दोन शब्दांमधी आडवी रेघ. खाली ओढलेली नको, भिंतीवर ती नक्षी वाटते.”

विवेकनं हेच कितीदा वाचलं होतं. पण इतकं रागावून त्याला कुणी समजावलं नव्हतं. तो बघतच राहिला.

भिंत रंगवायच्या दिवशी त्याचं तिथं काही काम नव्हतं. तरी तो आला. म्हणे, पत्ता चुकायला नको. शिडी धरून एकेक अक्षर सांगत राहिला.

“एवढं हळू का सांगायलाव?”

“लवकर सांगितलं तर... लवकर संपंल.”

तिनं झटकन तोंड भिंतीकडं फिरवलं. अक्षराचं शेपूट वाकडं गेलं आणि तो रागही तिनं त्याच्यावरच काढला. शेवटी रिवाजाप्रमाणं खाली कोपऱ्यात तिनं आपलं नाव आणि नंबर लिहिला. विवेक तो मोबाइलमध्ये टिपू लागला.

“भिंतीवर हाय की!”

“भिंत खिशात बसत न्हाई.”

पुढचे दोन महिने त्यांचं बोलणं रोजचंच झालं. आणि मग एका सकाळी फोन वाजला तो राणीसावरगावच्या कुणा कुसुमबाईंचा.

“पोरी, पान सापडत न्हाई म्हणायलाय मोबाइल. बोंडं किडायलीत माझी. काय फवारू सांग!”

“मावशी, मी पेंटर हाय!”

“मग नंबर कशाला लिवलास?”

दुपारपर्यंत असे एकोणीस फोन आले. धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं विवेकला फोन लावला, तेव्हा कळलं की रात्री नवी वेबसाइट चढली आणि सगळे पत्ते बदलले.

“कुणाला विचारून बदलले? घर बदलणारा माणूस शेजाऱ्याला तरी सांगून जातो! लोकांनी माझ्या अक्षरावर भरवसा ठेवला. आता कुठल्या गावात मला भिंत देईल कुणी? आत्ताच्या आत्ता राणीसावरगावला या!”

ती आधी पोहोचली. हा कंपनीच्या साहेबावर ढकलून मोकळा होणार, याची तिला खात्री होती. पण विवेकनं गाडी लावली आणि जमलेल्या लोकांसमोर सरळ उभा राहिला.

“चूक पेंटरताईंची न्हाई, साहेबांची बी न्हाई. नवी साइट मी चढवली. जुना पत्ता टाकला तरी नवं पान उघडावं, ही सोय करायची मीच विसरलो. निघायच्या आधी केलीय. आता बघा.”

कुसुमबाईंनी भिंतीवरून एकेक अक्षर मोबाइलमध्ये टाकलं. पान उघडलं. विवेकनं तो सल्ला त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, आपला नंबर सगळ्यांना दिला, तेव्हा कुठं लोक पांगले.

धम्मशीलाला मात्र भयंकर राग आला. सकाळपासून साठवलेलं सगळं बोलणं त्यानं वायाच घालवलं होतं!

“ढकलायचं होतं साहेबावर,” ती म्हणाली. “म्हणजे मला मनासारखं भांडता आलं असतं.”

“भांडा की. जन्मभर भांडा... आमच्या घरी येऊन.”

बोलून तो स्वतःच दचकला. धम्मशीला रोखून बघत राहिली. डोळ्यांत तोच राग.

“मी कोण, कुठल्या वस्तीतली, हे घरी सांगितलंय? का आधी पोरीला विचारायचं, अन् घरचं मग बघू?”

“परवाच सांगितलं. सगळं. आई तेव्हापासून धड जेवली न्हाई.”

“म्हणजे माझ्या नावापायी माणूस उपाशी ऱ्हायलंय, अन् तुमी इथं मला लाडीगोडी लावायलाव? चला. मीच बोलते त्यांच्याशी.”

“रागावून?”

“रागावूनच!”

“मग ऐकंल ती,” विवेक म्हणाला. “मी ऐकलं की.”

कुसुमबाई अजून तिथंच उभ्या होत्या, पारावर चार माणसंही होती. धम्मशीलानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, ओढणी कमरेला खोचली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या गाडीवर मागं बसली.