कोइंब्राचं ठरलं

विरह हा माणसाचा शेवटचा असाध्य रोग होता आणि आता त्यावरही उपाय सापडला आहे, असं संवाद-मुखत्यार सेवेच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर जाड ठशात छापलं होतं. खाली बारीक ठशात लिहिलं होतं, की सर्दी-खोकला असताना आवाजाचा नमुना देऊ नये.

चांदोरकरांनी नमुना दिला तेव्हा त्यांना सर्दी नव्हती. ते रडून आलेले होते, पण त्याबद्दल पत्रकात काही म्हटलेलं नव्हतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आज रविवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते आणि सांगलीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये उदय चांदोरकर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, थोरल्या बहिणीसमोर बसून भाजलेल्या दाण्यांची सालं काढत होते. त्याच वेळी आतल्या खोलीत ते पोर्तुगालमधल्या आपल्या मुलीशी फोनवर बोलत होते.

"अगं शालू, काय सांगतेस काय!" आतून त्यांचा आवाज आला. पाठोपाठ मोठ्ठं हसू.

सुलूताईंनी दाणे पाखडता पाखडता हात थांबवला. "तो हसला की मला अजून दचकायला होतं. तुझ्यापेक्षा बरा हसतो मेला."

"त्याला गुडघे नाहीत," चांदोरकर म्हणाले.

मुखत्यार ही तशी साधी सोय होती. तो काही दिवस तुमचं बोलणं ऐकायचा, तुमचे जुने निरोप वाचायचा, आणि मग तुमच्या आवाजात, तुमच्या लकबींसकट, तुमच्या वतीने बोलायचा. सुरुवातीला लोकांनी तो बँका आणि विमा कंपन्यांसाठी घेतला. मग व्याह्यांसाठी. मग घरच्यांसाठी. संभाषण संपलं की दोन-तीन ओळींचा सारांश मालकाला पाठवायचा, एवढं कायद्याने बंधन होतं. बहुतेकांना दोन-तीन ओळी पुरत असत.

चांदोरकरांनी तो घेतला त्याला कारण होतं. त्यांची बायको मेधा इस्पितळात होती तेव्हा शाल्मली कोइंब्राच्या जुन्या विद्यापीठात जीर्ण कागदांच्या जतनावर प्रबंध पुरा करत होती, आणि तिची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. तिने फोनवर विचारलं, "येऊ का, बाबा?" चांदोरकर म्हणाले, "बघ, तुला जमत असेल तर." सांगलीत हे वाक्य ऐकून माणूस मिळेल त्या गाडीने निघतो. कोइंब्रात बहुधा तशी पद्धत नसावी. शाल्मली परीक्षा देऊन आली, तोवर मेधा गेलेली होती. तेराव्यापर्यंत ती राहिली आणि परत गेली.

त्यानंतर दर रविवारी चांदोरकर फोन धरून बसायचे आणि त्यांच्या जिभेवर एकच वाक्य येऊन उभं राहायचं: आई शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. ते वाक्य गिळायचे आणि हवापाण्याचं विचारायचे. एखाद्या रविवारी ते सुटेल, आणि सुटलं की मुलगीही सुटेल, ह्या भीतीने त्यांनी मुखत्यार नेमला.

मुखत्याराने काम चोख केलं. तो चांदोरकरांपेक्षा प्रेमळ होता. सुमारे वर्षापूर्वी त्याचा सारांश आला होता: "आईच्या वेळी न आल्याबद्दल शाल्मलीने क्षमा मागितली. आपण क्षमा केली. उभयतांना बरं वाटलं."

चांदोरकरांना काही बरं वाटलं नव्हतं. त्यांनी सेवा केंद्राला फोन करून विचारलं होतं, की मला न विचारता माझ्या वतीने क्षमा कशी काय केली? तिकडून नम्रपणे खुलासा झाला, की मालमत्ता, विवाह आणि दत्तक यांबाबत आधी विचारलं जातं. क्षमा नेहमीच्या संवादात मोडते.

आतला आवाज थांबला. टेबलावरचा फोन वाजला. चांदोरकरांनी सालं झटकून सारांश आणि त्याला जोडलेला कार्यक्रम वाचला आणि चष्मा काढला.

"काय रे?"

"कोइंब्राचं ठरलं म्हणे."

पुढच्या महिन्यात दोघं भावंडं युरोपच्या सहलीला निघणार होती. अकरा दिवस, सात देश, कंपनीचा स्वयंपाकी बरोबर, रोज सकाळी पोहे नाहीतर उपमा. शेवटचा शनिवार-रविवार लिस्बनमध्ये 'मोकळा' होता, म्हणजे त्या दोन दिवसांत काय दाखवावं हे कंपनीला सुचलं नव्हतं. लिस्बनहून कोइंब्रा आगगाडीने जेमतेम दोन तासांवर. तेव्हा शनिवारी जायचं आणि रविवारी दुपारी परतायचं, असं दोन्ही घरच्यांनी हसतखेळत ठरवून टाकलं होतं. चांदोरकरांना कळायचं तेवढं राहिलं होतं.

"झक्कास आखलंय की," सुलूताईंनी भावाच्या खांद्यावरून वाचलं. "चढ टाळून बाजारातल्या लिफ्टने वर. अकराला जुनं ग्रंथालय. एकला जेवण, भात मिळेल अशा ठिकाणी. साडेतीनला नदीकाठचा बाक…" त्या थांबल्या. "उदय, इथे 'आईची आठवण, चाळीस मिनिटं' असं लिहिलंय."

"हो."

"आठवणीला वेळ नेमून दिलाय?"

"पुढे कॉफी आहे."

सुलूताईंनी सूप बाजूला ठेवलं. "तू जाणारेस ना तिथे? का तिथेही त्यालाच धाडायचाय?"

चांदोरकर पुन्हा दाणे सोलायला लागले. संध्याकाळी ताई मिरजेला परत गेल्यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच दुपारचं संभाषण पूर्ण ऐकलं. गाडीच्या वेळा कळाव्यात म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शाल्मली ग्रंथालयातल्या वटवाघळांबद्दल सांगत होती. जुन्या पुस्तकांना किडा लागतो. तो किडा रात्री वटवाघळं येऊन खातात, म्हणून ती तिथे पिढ्यानपिढ्या पोसलेली आहेत, आणि त्यांची घाण पडू नये म्हणून टेबलांवर रोज कातडी आच्छादनं घालतात. "आईला दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. "नाक मुरडून उभी राहिली असती," चांदोरकरांचा आवाज म्हणाला, "आणि वर विचारलं असतं, आच्छादनं धुतं कोण?" दोघंही हसली. मेधाने अगदी हेच विचारलं असतं. चांदोरकरांना हे सुचलं नसतं.

ते ऐकताना त्यांना त्या यंत्राचा हेवा वाटला, आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली. ही पोर आपल्याला माफी मिळाली आहे असं समजून बोलत होती. हसत स्टेशनवर उभी राहणार होती. आणि गाडीतून जो माणूस उतरणार होता, त्याने माफ केलेलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी त्यांनी स्वतः फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सुलूताईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

"बाबा? आज बुधवारी कसे काय?"

"शालू, मी बोलतोय."

"ते कळलं की! आवाज का बसलाय? गार पाणी प्यायलात ना?"

"शालू, ऐक. मी दोन वर्षं तुझ्याशी बोललेलो नाही. माझा मुखत्यार बोलत होता. त्याने तुला माफ केलं. मी नाही केलेलं." चांदोरकरांनी टेबलाची कड धरली. "मला जमलेलंच नाही गं. शेवटचे तीन दिवस ती दाराकडे बघत होती. कोणी आत आलं की तुझं नाव घ्यायची. मी म्हणायचो, येतेय, येतेय. मला खोटं बोलायला लागलं तिच्याशी. तुझ्यामुळे."

पलीकडून त्याच आवाजात, पण ओठ पुसून बोलावं तसे शब्द आले.

"क्षमस्व. मी शाल्मली चांदोरकर यांची मुखत्यार बोलते आहे. समोर प्रत्यक्ष माणूस असल्याची खात्री झाली की ओळख द्यायची, असा गेल्या वर्षीपासून नियम आहे. दोन मुखत्यारांना आपसात तशी अट नाही, त्यामुळे आजवर प्रसंग आला नव्हता."

सुलूताईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"केव्हापासून?" चांदोरकरांनी विचारलं.

"आपल्या मुखत्यारापूर्वी तीन आठवडे."

म्हणजे ज्या शेवटच्या तीन रविवारी चांदोरकरांनी ते वाक्य जिवापाड गिळलं होतं, तेव्हाही पलीकडे कोणी नव्हतं.

"मग क्षमा कोणी मागितली?"

"मी. त्यांच्या स्वभावावरून त्या मागतील असा अंदाज होता."

"अंदाज."

"बऱ्यापैकी खात्रीचा."

मागणारी ती नव्हती, देणारे ते नव्हते, आणि तरी क्षमा रीतसर झाली होती. उभयतांना बरंही वाटलं होतं. चांदोरकरांनी पाटबंधारे खात्यात कागदावर पूर्ण झालेले कालवे पाहिले होते, पण हे त्यांनाही नवीन होतं.

"आजच्या सारांशात काय लिहू?" आवाजाने विचारलं.

"लिही, बाप रागावला आहे."

"'रागावला'ऐवजी 'भावुक झाला' चालेल?"

"नाही चालणार."

फोन ठेवल्यावर सुलूताई म्हणाल्या, "मी लिस्बनलाच थांबते. तुम्हा बापलेकीत मी नको. एक तर तिथे मला हसू येईल, नाहीतर रडू, आणि दोन्ही बरं दिसणार नाही."

"ती येईल असं वाटतं तुला?"

"पोर कोणाची आहे? तुझी. तोंड चुकवेल, आणि मग येईल."

दोन दिवसांनी निरोप आला: "बाबा, त्या शनिवारी स्टेशनवर मी येते. मी म्हणजे मीच." सुलूताईंनी तो दोनदा वाचला. "हेही त्या बयेनेच लिहिलेलं नसेल कशावरून?" चांदोरकरांनाही तोच प्रश्न पडला होता, आणि पुढच्या महिन्यात कोइंब्राला गाडीतून उतरेपर्यंत तो पडलेलाच राहिला.

शाल्मली आलेली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि चेहरा ओढलेला होता. आवाजावरून हे कधी कळलं नव्हतं. ती नमस्काराला वाकली, तेव्हाच ते बॅग उचलायला वाकले, आणि दोघांची डोकी आपटली.

"लागलं का?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

जेवणापर्यंत ह्याहून लांब संभाषण झालं नाही.

मुखत्यारांनी आखलेला कार्यक्रम दोघांनी मुकाट्याने पाळला, कारण दुसरा कोणाकडे नव्हता. लिफ्टने वर गेले. काळ्या झग्यातले विद्यार्थी पाहिले. ग्रंथालयात मोजकाच वेळ आत सोडत होते. सोनेरी नक्षीच्या कपाटांखाली दोघं मान वर करून उभे राहिले.

"वटवाघळं कुठायत?" चांदोरकरांनी विचारलं.

"दिवसा झोपतात."

"हं."

आच्छादनं कोण धुतं, ते त्यांना विचारायचं होतं. पण तो विनोद त्यांचा नव्हता.

साडेतीनला नदीकाठी दोघांचे फोन एकदम वाजले. आईची आठवण. ती दोघं बाकावर बसली. चांदोरकरांनी पाण्याकडे बघून विसर्ग किती असेल त्याचा अंदाज सांगितला. शाल्मली म्हणाली, असेल. पलीकडच्या काठावर कोणीतरी कुत्र्याला पोहायला सोडलं होतं, ते दोघांनी पाहिलं. दोन वर्षांचं रडणं कोणीतरी त्यांच्या नावावर आधीच रडून ठेवलं होतं, भांडण न होताच मिटवलं होतं, त्यावरचं हसणंही उरकलं होतं. मग ह्या बाकावर बसलेल्यांच्या वाट्याला नेमकं काय उरलं होतं? कॉफीला ते ठरल्यापेक्षा लवकर उठले.

रविवारी दुपारी ती सोडायला आली. फलाटावर ऊन होतं. चांदोरकर तिकीट खिशात आहे का ते पुन्हा चाचपत होते, तेवढ्यात शाल्मली रुळांकडे बघत म्हणाली, "मी यायला हवं होतं, बाबा."

अशा वेळी काय म्हणायचं, ते त्यांनी निघण्यापूर्वी क्षमेच्या त्या जुन्या ध्वनिमुद्रणात ऐकलं होतं. मुखत्यार म्हणाला होता, "जाऊ दे गं राजा, तुझा काय दोष?" फार सुंदर म्हणाला होता.

"हो," चांदोरकर म्हणाले. "यायला हवं होतंस."

तिने वळून पाहिलं. "तुम्ही म्हणालात, जमत असेल तर."

"म्हणालो. 'ये' म्हणायला हवं होतं."

"मला कळलं होतं, बाबा. तुम्ही कसं बोलता ते मला काय माहीत नाही? मी न कळल्यासारखं केलं." तिचा आवाज फाटला. हा आवाज त्यांनी फोनवर कधीच ऐकला नव्हता. तो चांगला नव्हता, त्यात शेंबूड होता. "ती… खरंच नाव घेत होती माझं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

ती खाली बसली, फलाटावरच. गुडघ्यांची पर्वा न करता तेही बसले. तिने त्यांच्या शर्टात तोंड खुपसलं आणि ते तिच्या केसांत तोंड घालून रडले, मोठ्याने, ओबडधोबड, पाटबंधारे खात्याला न शोभेल असं. माफ केलं, असं कोणी म्हणालं नाही. तिने माफी मागितलीही नाही. बऱ्याच वेळाने चांदोरकर उठले, तिला उठवलं, रुमाल दिला. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने नमस्कार केला, ह्या खेपेला डोकी आपटली नाहीत. सांभाळून राहा म्हणून झालं, पोचल्यावर कळवा म्हणून झालं. म्हणायचं असं काही राहिलं नाही.

गाडी पाऊण तास उशिरा आली. तोवर दोघं तिथेच उभे होते, आणि निरोप घेऊन झालेला असल्यामुळे तिकडच्या दह्याबद्दल बोलले. ते आंबट नसतं.