आतल्या कडीला फुलपुडी

अंबिकाने त्या सकाळी फुलपुड्या बांधायला घेतल्या आणि पहिल्याच पुडीला दोरा तुटला. हे तिचं काम नव्हतं. काम धोंडूचं, तिच्या नवऱ्याचं. केळीच्या पानाच्या तुकड्यात चार फुलं, थोडी तुळस, असल्या तर दूर्वा, वरून दोरा गुंडाळायचा आणि दाराच्या कडीत अडकवायला एक फास ठेवायचा. धोंडू डावरा होता, त्यामुळे त्याचा फास उलटा वळायचा. दादरच्या बाजारातून सायकलवर करंडी घेऊन तो लालबाग-परळच्या घरांना उजाडायच्या आत पुड्या लावून मोकळा व्हायचा. गिऱ्हाईक झोपलेलं, दार बंद. कित्येक घरांनी वर्षानुवर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. देवाला फुलं मिळाली की झालं, आणणारा कसा दिसतो हे कोण कशाला बघतंय.

त्याच धोंडूला एका गाडीने उडवलं. संकष्टीचा दिवस होता, करंडीत जास्वंद आणि दूर्वा गच्च भरलेल्या. परळच्या 'श्रीकृपा' इमारतीच्या गेटाजवळच्या वळणावर, पहाटे. गाडीवाला थांबला नाही. बऱ्याच वेळाने कुणा दूधवाल्याने धोंडूला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं, तिथे तो गेला. आणि खरा संताप तर पुढेच आहे. पोलीस येईपर्यंत रस्ता धुतलेला होता. झाडून, पाइपने पाणी मारून स्वच्छ. रक्त नाही, फूल नाही, काचेचा एक कण नाही. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं, सकाळी माणसं फिरायला निघतात, बरं दिसत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सेक्रेटरीकडे अंबिका हवालदाराला घेऊन गेली होती. त्याने जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "गेटवरचा कॅमेरा महिनाभर बंद आहे. आम्ही काय करणार?" खाली उतरल्यावर अंबिकाने मान वर करून पाहिलं, तर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. हवालदाराने तिच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. कागदावर लिहिलं गेलं, अज्ञात वाहन.

अज्ञात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस तिचा मेला, सायकल चौकीच्या मागे वाकडी होऊन पडली आणि मारणारा कुठेतरी मजेत चहा पीत असेल, दात घासत असेल, त्याचं नाव काय तर अज्ञात.

तेरावं झालं त्या संध्याकाळी ती एकटीच त्या वळणावर गेली आणि भर रहदारीत तिने गाऱ्हाणं घातलं, कोकणात गावी रवळनाथाच्या देवळात घालतात तसं.

"बा रवळनाथा, म्हाराजा. माझ्या घोवाक जेणां उडवल्यान आणि रस्त्यार टाकून गेलो, तेचा दार माका दाखव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. चाळीतल्या गणपतीपुढे कुणीही गाऱ्हाणं घालो, सगळ्यात मोठा 'व्हय' धोंडूचा असायचा. इथे मागे गाड्या हॉर्न मारत होत्या. एक बाइकवाला "ओ मावशी, साइडला" म्हणून ओरडून गेला. 'व्हय' म्हणायला कुणी नव्हतं, आणि तिचं तिला म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी ती पुड्यांची पिशवी घेऊन धोंडूच्या ठरलेल्या घरांच्या लायनीवर निघाली. पोट थांबत नाही, आणि घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा पायांना काम बरं. घरोघरी लोक हळहळले, एकीने चहा दिला. शेवटचं घर त्याच श्रीकृपामध्ये होतं, पाचव्या मजल्यावर. त्या इमारतीत धोंडूचं ते एकच गिऱ्हाईक. आनंदीबाई म्हणून म्हातारी, कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेली. गुडघ्यांमुळे तिचं खाली उतरणं केव्हाच बंद झालं होतं. तिच्याबरोबर राहायचा तिचा मुलगा पुष्कर.

वॉचमनने अंबिकाला ओळखलं आणि नजर चुकवली. लिफ्टकडे वळली तर मात्र त्याला कंठ फुटला. "मावशी, डिलिव्हरीवाल्यांना जिना."

ती जिन्याने चढली. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीचं दार, चकचकीत पितळी पाटी. ती तिथे क्षणभर थांबली. थुंकावंसं वाटलं तिला, खरंच वाटलं. पण हातात देवाची फुलं होती, म्हणून पुढे गेली. चौथ्या मजल्यापासून वास यायला लागला. दूर्वा खुडल्यावर येतो तो हिरवा, ओला वास, आणि त्याच्या खाली काहीतरी लोखंडासारखं. जिना तर कोरडा ठणठणीत होता.

नवीन माणूस म्हणून सांगावं, या विचाराने तिने बेल वाजवली. बऱ्याच वेळाने आनंदीबाईंनी दार उघडलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात सोडलेली फुलपुडी.

"काय गं, आज दोन-दोन?" त्या अंबिकाच्या हाताकडे बघत म्हणाल्या. "तुमचा माणूस मघाशीच देऊन गेला की."

अंबिकाला वाटलं, दुसऱ्या कुणी फुलवाल्याने गिऱ्हाईक पळवलं. या धंद्यात तेही चालतं, माणूस मेला की आठवड्यात लाइन खाऊन टाकतात.

"कोण माणूस, काकी?"

"अगं, नेहमीचा. एक दिवस चुकला नाही बिचारा. पण त्याला जरा सांग, रोज संकष्टी असल्यासारखं जास्वंद आणि दूर्वाच बांधतो. मी म्हटलं, असेल बाबा बाजारात तेवढंच."

अंबिकाने त्यांच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. जास्वंद टवटवीत, पाकळ्यांवर पाणी. पानाला लोंबणारा दोरा. दोऱ्याचा फास उलटा वळलेला.

तिने चौकटीला हात टेकला.

"आणि हो," आनंदीबाई सांगतच होत्या, "फुलं बघून बांधायला सांग. पुडीत काचा येतात. परवा माझं बोट कापलं. देवाच्या अंगावर काच वाहिली असती मी. थांब, दाखवते तुला, नाहीतर म्हणशील म्हातारी उगाच कटकट करते."

त्या काठी टेकत आत गेल्या आणि पुडीच्याच हातात स्टीलची वाटी धरून आल्या. वाटीत आरशाचे तुकडे होते. पातळ, किंचित फुगीर. अंबिकाने वाकून पाहिलं. वर छताला पांढरी ट्यूब जळत होती, पण काचांमध्ये ट्यूब नव्हती. प्रत्येक तुकड्यात रस्त्यावरचा पिवळा दिवा होता, एवढासा, आणि तो मागे मागे जात होता.

तिने वाटीवरून नजर काढली.

"काकी... तुमच्याकडे गाडी आहे?"

"पुष्करची आहे. पण ती पुण्याला गेलीय माझ्या भावाकडे. इथे पार्किंगमध्ये खांबाला घासली म्हणे, डावीकडचा आरसा तुटला. तिकडचा मेकॅनिक स्वस्त आहे, म्हणाला." त्या थांबल्या. "का गं? अशी पांढरी का पडलीस?"

"माझा माणूस गेला, काकी. संकष्टीला पहाटे. तुमच्याच गेटाजवळ, सायकलवर होता. तेरावं झालं कालच."

"काहीतरीच काय बोलतेस," आनंदीबाई म्हणाल्या. "गेटाजवळ तर... पुष्कर म्हणाला, कुणीतरी सायकलवाला पडला..." त्यांनी हातातल्या फुलांकडे पाहिलं. "मग ही रोज कोण लावतं?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. पुष्कर बाहेर आला. तिशी उलटलेला, डोळ्यांखाली काळं, रात्र रात्र झोप नसलेल्या माणसासारखा चेहरा. त्याने अंबिकाला पाहिलं, वाटी पाहिली.

"आई, कोण आहे? दार लाव."

"पुष्कर, पुडी आत तूच आणतोस ना रे?" आनंदीबाईंचा आवाज खाली आला होता. "पहिले काही दिवस बाहेर जाळीच्या दाराला असायची. मग आतल्या कडीला यायला लागली. दार तर मी रात्री आतून लावते. मला वाटलं, तू लवकर उठून घेतोस..."

पुष्करची नजर दाराच्या आतल्या कडीवर गेली.

"आणि हल्ली तर तुझ्या खोलीच्या दाराला असते. आजही तिथूनच काढली मी. तू लावतोस ना?"

"मी नाही," तो म्हणाला. "मला वाटलं... तू लावतेस. मला बोलून दाखवायचं नाही, म्हणून तू..."

मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी दोघं हलले नाहीत.

खरं सांगायचं तर भीती अंबिकालाही वाटली. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो आता उतू गेला. हा तो अज्ञात. हाच. अंगात चुरगळलेला टी-शर्ट, पायात घरातल्या सपाता.

"थांबला का नाहीस?" तिने विचारलं. "उतरून नुसतं बघितलं असतंस. श्वास चालू होता त्याचा. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. तू वर येऊन झोपलास."

"तुम्ही कोण, काय बोलताय... आई, ती वाटी इकडे दे." तो पुढे झाला आणि त्याने वाटी हिसकावली. "फेकून देतो मी हे. कचरा आहे."

"टाक," अंबिका म्हणाली. "उद्या परत येईल."

त्याचा हात तिथेच थांबला.

मग अंबिकाने पदर कमरेला खोचला, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि हात जोडले. त्याच्यापुढे नव्हे. आवाज चढवला नाही, दात-ओठ खाऊन एकेक शब्द म्हणाली.

"बा रवळनाथा, म्हाराजा. दार तू दाखवलंस. आता ज्येचा पाप, तेच्या तोंडातसून भायर येवंदे. तवसर ह्या घरात कोणाचो डोळो लागूक नको रे म्हाराजा."

आणि पुष्करच्या मागे, त्या रिकाम्या खोलीतून, भरल्या गळ्याने कुणीतरी म्हणालं,

"व्हय म्हाराजा."

चाळीच्या गणपतीपुढे म्हणायचा तसाच. तोच मोठा, बसका, किंचित लांबवलेला आवाज. अंबिकाच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती.

पुष्कर खाली बसला. वाटी त्याच्या हातातून पडली, काचा फरशीवर पसरल्या. मान वळवून खोलीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"मीच," तो म्हणाला. "मित्राकडून येत होतो. प्यालो होतो. आरशात दिसला मला... हात वर करत होता. काचेवर फुलं होती सगळी. मी वायपर चालवला." तो थांबला. "सेक्रेटरीला फोन केला मी. ते म्हणाले, तू वर जा, खालचं मी बघतो."

धोंडूचा तो हात अंबिकाच्या डोळ्यांसमोर येत होता, पुन्हा पुन्हा वर होणारा.

आनंदीबाईंनी हातातली पुडी जमिनीवर ठेवली, हळूच, गरम भांडं ठेवावं तशी. मग देव्हाऱ्याकडे पाहिलं. गणपतीच्या डोक्यावर कालचं जास्वंद होतं.

"मी ती फुलं देवाला वाहिली रे," त्या म्हणाल्या. "रोज वाहिली. तुझ्यासाठी हात जोडले."

"आई..."

"चप्पल घाल."

"आई, वकिलाला आधी..."

"चप्पल घाल म्हणते ना."

त्यांनी काठी बाजूला ठेवली, गुडघ्यांवर बसून, कण्हत कण्हत काचेचा एकेक तुकडा वाटीत वेचला. अंबिका मदतीला वाकली तर म्हणाल्या, "तू नको. तुझं काम नाही हे." कितीतरी महिन्यांनी ती म्हातारी इमारतीबाहेर पडली, एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट. चौकीत पुष्करने सगळं सांगितलं. सेक्रेटरीच्या फोनचंही सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं आणि सेक्रेटरीचं नाव आलं तिथे लेखणी थांबवून म्हणाला, "ते नंतर बघू. फोनवर कोण काय बोललं, त्याला पुरावा काय?"

अंबिका तिथेच बसून ऐकत होती. अर्धं जिंकल्यासारखं वाटत होतं आणि त्या अर्ध्याने तिचं डोकं जास्तच फिरलं. आरशाचा मालक सापडला. रस्ता धुणारा तसाच मोकळा.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा श्रीकृपाला गेली. आनंदीबाईंसाठी पांढरी फुलं बांधली होती, मुद्दाम, तगर आणि मोगरा. वॉचमनने या वेळी लिफ्टचं दार स्वतः उघडून धरलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, जिन्याने गेली.

दुसऱ्या मजल्यावरच तो वास आला. खुडलेल्या दूर्वांचा, ओला.

ती सावकाश वर चढली. पाचव्या मजल्यावर जायचं होतं, पण तिसऱ्यावरच पाय थांबले. सेक्रेटरीच्या जाळीच्या दाराला, पितळी पाटीच्या खाली, एक फुलपुडी लटकत होती. या घराची पुडी कधीच नव्हती. फास उलटा होता.

पुडीतून पाणी गळत होतं. थेंब थेंब, एका लयीत, खाली धुऊन स्वच्छ केलेल्या पायपुसण्यावर. पायपुसण्यावर लाल डाग पसरत चालला होता. आतून सेक्रेटरीचा झोपेतला आवाज आला, बायकोला विचारत होता, "अगं, नळ कुठला उघडा राहिलाय?"

अंबिकाने पुडीला हात लावला नाही. बेलही वाजवली नाही. तिने फक्त आतल्या लाकडी दाराकडे एकदा पाहिलं, त्याच्या मागे किती खोल्या असतील याचा अंदाज घेतला आणि आपली पांढरी फुलं घेऊन वरचा जिना चढायला लागली.