कॅलेंडरमागचा चंद्र

"त्या कॅलेंडरला हात लावायचा नाही!"

शैलाताईंचा आवाज एवढा चढला, की शिडीवरचा रंगारी ब्रश घेऊन तसाच थबकला... देवासच्या त्या घरात एरवी त्यांचा असा आवाज कुणी कधी ऐकत नसे.

"दर रंगकामाला हेच!" त्यांचे पती शरदचंद्र वैतागून म्हणाले. "सगळी भिंत चकाचक करायची आणि कॅलेंडरमागचा तुकडा तसाच! काय करणार, भिया? आमच्या घरात एक थोर कलाकार राहतात. शेणाच्या!"

रंगारी खुदकन हसला. शैलाताई आत गेल्या. गेली वीस वर्षं हा टोमणा त्या पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, लग्नकार्यात गिळत आल्या होत्या...

वीस वर्षांपूर्वी त्यांची लेक जान्हवी सहा वर्षांची होती. कारखान्याच्या नोकरीत पोटाला चिमटा काढून शरदचंद्रांनी बांधलेलं ते नवं घर, बैठकीच्या भिंतीचा ताजा फिकट पिवळा रंग, आणि त्या संध्याकाळी चहाला येणार होते त्यांचे साहेब! श्राद्धपक्ष चालू होता. त्या दिवसांत माळव्यातल्या मुली संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे सासरी निघालेली देवी, काढतात, तिला फुलापानांनी नटवतात, तिची गाणी म्हणतात. जान्हवीनंही काढली... पण अंगणात नव्हे, थेट बैठकीत! गाण्यांतली संजा सासरी जाते ती गाडीत बसून. जान्हवीच्या संजाला मात्र चक्क बस मिळाली होती. कण्हेरीच्या फुलांची चाकं, वर एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र! एवढ्याशा डोक्यातून हे आलं तरी कुठून? शैलाताईंचं काळीज अभिमानानं भरून आलं. लेकीचा पापा घ्यायला त्या वाकल्या, तोच दारात साहेब, त्यांची पत्नी, आणि मागे शरदचंद्र!

"कुणी केलं हे?" शरदचंद्र कडाडले.

पोर आईच्या पदरामागे लपली. शेणानं माखलेले ते इवले हात... आज या हातांवर फटका बसला, तर ते पुन्हा काही घडवायला धजतील का? शैलाताईंनी ते हात मागच्या मागे घट्ट धरले आणि मग त्यांचं शेण लागलेले आपले तळवे नवऱ्यापुढे केले.

"मी... मीच काढली. हौस वाटली म्हणून."

साहेबांच्या पत्नी तोंडाला रुमाल लावून हसल्या. ते हसू शरदचंद्रांच्या जिव्हारी लागलं. पाहुणे जाताच त्यांनी उलथन्यानं बस खरवडली, सूर्य खरवडला. चंद्राशी आले तेव्हा शैलाताईंनी त्यांचा हात धरला. "एवढा राहू द्या हो!" "ठेव तुझं शेण!" म्हणत त्यांनी उलथनं भिरकावलं आणि चंद्र झाकायला खिळा ठोकून वर कॅलेंडर टांगलं.

"माझी शपथ आहे, बाबांना सांगायचं नाही," शैलाताईंनी लेकीला कुशीत घेऊन बजावलं. "तू फक्त काढत राहायचं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या अंगणातली भिंत लेकीच्या हवाली केली. तिथे गावच्या टेकरीवरची देवी पतंग उडवू लागली, हत्ती छत्री घेऊन बाजाराला निघाले! शैलाताई शेण कालवून द्यायच्या, फुलं खुडून आणायच्या. 'असं कुठं असतं का?' असं त्या कधी चुकूनही म्हणाल्या नाहीत, विचारायच्या ते एकच, "बरं, मग पुढे काय झालं?"

...आणि आता, घरात रंगाचे डबे तसेच ठेवून दोघं धारला निघाली होती. तिथल्या एका शाळेची लांबलचक भिंत जान्हवीनं रंगवली होती, आणि त्या दिवशी त्या भिंतीच्या अनावरणाचा सोहळा होता.

पडदा सरला. भिंतभर संजा! मधोमध भलीमोठी बस, तिला कण्हेरीच्या फुलांची चाकं! शरदचंद्र चमकले. हे चित्र आपण कुठं पाहिलंय?

माइकवर हिंदीत बोलता बोलता जान्हवी एकदम मराठीवर आली. "आई, आज मी तुझी शपथ मोडते. बाबा, ती संजा आईनं नाही, मी काढली होती. आणि ती बस तुमच्या कंपनीची होती! तुम्ही रोज तिच्यातून जायचात ना, मला वाटायचं जगात त्याहून भारी गाडीच नाही. म्हणून माझ्या संजाला मी तिच्यातच बसवलं..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शरदचंद्रांना तो ऐकूच आला नाही. आपल्याच हातांनी आपण काय खरवडलं होतं!

"शैला... इतकी वर्षं मी तुला नाही नाही ते बोललो, आणि तू एका शब्दानं..." ते बायकोकडे वळून म्हणाले.

"लागायचं हो मनाला, लागत नव्हतं असं नाही," शैलाताई डोळे पुसत म्हणाल्या. "पण पोरीचा हात थांबला नाही ना! बघा तरी समोर... आपल्या लेकीनं काढलंय ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला, तेव्हा कॅलेंडर शरदचंद्रांनी स्वतः उतरवलं. मागे तो चंद्र होता, वाळलेला, तडकलेला, कडांना पोपडे धरलेला.

"बाऊजी, इसको घिस दूँ?"

"खबरदार, भिया! बिटिया का पहला चाँद है हमारी!"

मग हातोडी घेऊन ते समोरच्या, कालच रंग वाळलेल्या भिंतीपाशी गेले. या भिंतींना कुणाचं बोट लागलं तरी घर डोक्यावर घेणारा तो माणूस!

"शैला, कॅलेंडरचा खिळा कुठं ठोकू? तू म्हणशील तिथं."

शैलाताई पदर खोचून पुढे आल्या, आणि त्यांनी त्या नव्याकोऱ्या भिंतीच्या ऐन मधोमध बोट ठेवलं.