उसवलेलं पुस्तक

ग्रंथालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करून त्यांची ई-पुस्तकं करायची, हे सुनेचं काम. काचेवर एकेक पान उलटत बसलं तर एका पुस्तकात दिवस जातो. पाठ कापून सुटी पानं मशीनला दिली की वीस मिनिटांत सुटका. सासूबाईंच्या पुस्तकाबाबत मात्र सकाळीच शब्द घेतला गेला होता.

"कापणार नाहीस ना गं?"

"नाही हो आई. संध्याकाळी जसंच्या तसं हातात देते. मग टॅबवर अक्षरं हवी तेवढी मोठी करा, आणखी काय हवं?"

"त्या काचेला ना वास, ना वजन. वाचायचं की आरशात बघायचं?"

पण सासूबाईंची नजर अधू होत चालली होती. सासरे बाइंडर. त्यांनी जाण्याआधी शिवलेलं शेवटचं पुस्तक हे. तेव्हापासून त्यातलं एक पान वाचल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नसत.

दुपारी टेबलावरचा ढीग पाहून सुनेचा धीर सुटला. घरी चिकटवू, त्यांना कुठे दिसणार आहे, अशी तिने मनाची समजूत घातली. कमरेपर्यंतची वेणी मशीनमध्ये अडकू नये म्हणून पाठीवर टाकली आणि पुस्तकावर कटरचं पातं खाली ओढलं. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे टोपलीत पडले.

मशीन एकेक पान गिळू लागलं. ती पडद्यावर तपासत होती. बाराव्या पानाच्या कडेला पुसट डाग होता. सव्विसाव्या पानावर त्या डागाचा अंगठा झाला.

पुस्तक हाताने धरून स्कॅन केलं की अंगठा येतोच. नंतर पुसून टाकायचा. पण इथे पानांना कुणाचा हात लागतच नव्हता. तिने मशीन उघडलं, काच पुसली, पानं पुन्हा लावली.

अंगठा आता ठळक होता. नख मधोमध चिरलेलं. चहाचा कप देताना सासऱ्यांचं ते नख तिने शेकडो वेळा पाहिलं होतं.

खोलीत बाइंडिंगच्या खळीचा आंबूस वास येऊ लागला.

शेवटच्या पानांवर अंगठ्याशेजारी बोट आलं. चिमटीत सुई होती.

सुईत दोरा ओवलेला होता.

तिने वायर उपटली. पानं न बघताच गोळा केली, रबर लावून पिशवीत कोंबली आणि घर गाठलं. खरं काय ते सांगून टाकायचं, एवढं वाटेत ठरवलं.

सासूबाई सकाळपासून उपाशी, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आई, माझं चुकलं," म्हणत तिने पिशवी पुढे केली.

त्यांनी हात घालून पुस्तक बाहेर काढलं. अख्खं. पाठ घट्ट.

"काय चुकलं? छान तर आहे." त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. "खळ ओली आहे गं अजून." मग मधलं पान उघडून अगदी डोळ्यांजवळ नेलं. "पण हे नेहमी पांढरा दोरा घ्यायचे. हा काळा कुठला? किती बारीक!"

सुनेचा हात मानेमागे गेला. वेणी मानेपाशीच संपली होती. टोकाला बोट लावलं, तर ते पात्याने कापावं तसं सरळ लागलं.