मधली नळी

फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पाकिटाशेजारी दोन नवी बेअरिंगं रात्रभर गार होत पडली होती. गारव्याने लोखंड किंचित आकसतं, मग ते चाकात सहज बसतं, ही तिच्या नवऱ्याची शिकवण. तीस वर्षं तो हे काम घरीच करायचा आणि ती वाटाणे सरकवून जागा करून द्यायची. या वेळी जागाही तिनेच केली आणि बेअरिंगंही तिनेच आणली.

"बसवणार कोण, वहिनी?" स्पेअर पार्टवाल्याने विचारलं होतं.

"मीच."

"जमलं तर आमच्याकडेच कामाला या. माझा कारागीर सकाळी अकराला उगवतो. आणि चाकाचा आवाज गेला की गाडी मी घेतो, शब्द माझा."

ती हसली. घराबाहेर कुणाशी चार शब्द झाले, तेवढ्यावर तिचे दोन दिवस निघायचे.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मोटारसायकल मागच्या शेडमध्ये मोठ्या स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी राहील अशी उभी होती. "उभी गाडी गंज धरते, चाक फिरवत जा," असं तो दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला होता, म्हणून तिने नेमच धरला. सकाळी अंघोळ झाली, हात जोडून झाले, की शेडमध्ये जायचं आणि पुढचं चाक अकरा वेळा फिरवायचं. ताप अंगात असतानाही तो नेम मोडला नव्हता. चाक घरघरायचं, छातीत कफ भरलेल्या माणसासारखं.

सकाळी चाक ती फिरवायची. संध्याकाळी साडेपाचला ते आपलं आपण फिरायचं.

साडेपाच ही त्याची कारखान्यातून यायची वेळ. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला घरघर ऐकू यायची. हातातलं टाकून ती शेडशी पोचेपर्यंत चाक थांबलेलं असायचं. पत्र्याखालून वारा येतो, चाक हलतं, झिजलेलं बेअरिंग वाजतं, एवढी अक्कल तिलाही होती. पण वारा काही घड्याळ बघून येत नाही, हेही तिला कळत होतं.

"आई, गाडी वीक, घराला कुलूप लाव आणि इकडे ये," मुलगी फोनवर म्हणाली होती. "किती दिवस त्या आवाजाची वाट बघत बसणारेस?"

"बेअरिंग बदलते. आवाज थांबला तर तो बेअरिंगचाच होता म्हणायचं. मग येते."

"आणि नाही थांबला तर?"



शनिवारी दुपारी चारला तिने इंजिनाखाली आधाराला लाकडी ठोकळा सरकवला, चाकाच्या मधला दांडा, एक्सल, ओढून काढला, चाक उतरवून दोन विटांवर आडवं ठेवलं. शेजारी वर्तमानपत्र पसरलं. चाकाच्या पोटात दोन बेअरिंगं असतात, एक या तोंडाला, एक त्या तोंडाला, आणि मधे पोकळ नळी. ती नळी दोघांना अंतर देते. तीच टाकायची राहिली तर नट आवळताना बेअरिंगं चेपली जातात, आणि चाक रस्त्यात अडकून माणूस तोंडावर आपटतो. "नळी टाकली का?" हा नवऱ्याचा दर वेळचा प्रश्न.

तिने सळई आत घालून हातोडी मारली. चाक विटांवरून घसरलं. पुन्हा मारली, पुन्हा घसरलं. हे काम दोघांचं. तो पोत्याची चौघडी गुडघ्यांखाली घेऊन ठोकायचा आणि ती समोर बसून चाक धरायची. आता ठोकणारी होती, धरणारं कोणी नव्हतं. दंडाला कळ लागली, घाम डोळ्यांत उतरला.

"धरा ना हो जरा," ती वैतागून म्हणाली. जुनी सवय, तोंडातून निघून गेलं.

पुढच्या ठोक्याला चाक हललं नाही.

विटांवर नीट बसलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि वर न बघता ठोकत राहिली. जुनी बेअरिंगं निघाली. आतल्या गोळ्यांवर गंज चढला होता. घरघरीचं कारण मुठीत मावत होतं. तिने चाकाचं पोट पुसलं, गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं, फ्रीजरमधून एक बेअरिंग आणून बसवलं. चाक उलटं केलं. दुसरं ठेवलं, त्यावर जुनं ठेवून कडेकडेने ठोकत ठोकत आत उतरवलं. आवाज बदलून भरीव झाला. बसलं!

हात पुसायला ती वळली, आणि वर्तमानपत्रावर नळी दिसली.

पुन्हा सगळं काढायचं म्हणजे नवी बेअरिंगं वाया. ती स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसली. घड्याळात साडेपाच वाजले. घरात काहीच वाजलं नाही. चाकच उतरवलंय तर वाजणार काय, हे कळत असूनही ती कान देऊन बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दोन वर्षांत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तिने फोन लावला. "थांबला गं आवाज. येते मी."

"बरं झालं, आई. अगं, पण मागे कोण ठोकतंय?"

"कुठे काय?"

"टक् टक् येतंय की. ... आता थांबलं."

तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिने फोन ठेवला.

शेडमध्ये सगळं होतं तसंच होतं. चाक विटांवर. हातोडी चाकाशेजारी.

वर्तमानपत्रावर तेलाचा लांबट डाग होता. नळी नव्हती.

तिने बेअरिंगच्या भोकातून बोट आत घातलं. बोटाला नळीची कड लागली. दोन्ही बेअरिंगं आपापल्या जागी घट्ट होती, वर एक ओरखडा नव्हता.

चाकापलीकडे पोत्याची चौघडी होती. ती तिने काढली नव्हती. पोत्यात दोन खळगे पडले होते, गुडघ्यांएवढे. तिने तळवा टेकवला.

ऊब होती.

तिने चाक फिरवून पाहिलं. कसलाही आवाज नाही. आता ते कधीही फिरलं तरी स्वयंपाकघरात कळणार नव्हतं.

 मग तिने चाक ढकलत फोर्कच्या दोन पायांमध्ये नेलं आणि एक्सल उचलला. भोकं जुळायला चाक बोटभर वर उचलून धरावं लागतं. तिचे दोन्ही हात एक्सलवर होते.

"धरा," ती हळूच म्हणाली.

चाक बोटभर वर आलं आणि नेमकं थांबलं.

आत फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला. तिचे हात ग्रीसचे होते.