नऊ रिकाम्या जागा

‘सकाळी पिरेअसहून निघालेले एक्केचाळीस प्रवासी संध्याकाळी पिरेअसलाच सुखरूप उतरले. एकही प्रवासी मागे राहिलेला नाही.’

सहल कंपनीच्या पत्रातली ही दोन वाक्ये. पहिल्यातला आकडा बरोबर आहे, दुसरे वाक्य खोटे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, हे विचारण्याची तसदी सोळा दिवसांत कोणीही घेतलेली नाही.

आमच्या धंद्यात ड्रायव्हर माणसे मोजत नाहीत. पन्नास आसनांची बस, एक्केचाळीस प्रवासी. आरशात नऊ रिकाम्या जागा दिसल्या की गाडी हलते. लाम्ब्रोस तेवीस वर्षे असाच मोजतो. भरलेल्या जागेवर कोण बसले आहे, हा प्रश्न या पद्धतीत उद्भवतच नाही.

ग्रीसमधले प्राचीन अवशेष पाहण्याची ही सहल पिरेअस बंदरातल्या एका चर्चच्या मंडळाची होती. मी गाइड. कांस्ययुगातल्या पाणीव्यवस्थेवर माझी डॉक्टरेट आहे आणि समोर चीजचे पॅटिस खाणारे श्रोते. कोरिंथच्या देवळापाशी मी तोंड उघडले तोच स्तामातिना म्हणाली, “डॉक्टरबाई, खांब गेल्या वर्षीपण सातच होते. शौचालय कुठेय ते सांगा.”

ऐकत होता तो एकटा तिचा नवरा अर्गीरिस, जहाजावरचा निवृत्त पंपमिस्त्री. मायसीनीच्या गडावर, भुयारी टाकीच्या तोंडाशी, त्याने विचारले, “पाणी आत आणलं कसं?” सबंध दिवसातला हा एकमेव शहाणा प्रश्न. मातीच्या नळांविषयी मी सांगेपर्यंत तो साखळीखालून आत शिरलाही होता.

“वर या! खाली जायला बंदी आहे.”

“चाळीस वर्षं जहाजाच्या पोटात उतरलोय, बाई. ह्या तर नुसत्या पायऱ्या.”

पावले खाली गेली. मग थांबली. मी हाक मारली.

“आलो!” खालून उत्तर आले.

बऱ्याच वेळाने, आणखी खोलातून, त्याच आवाजात पुन्हा एकदा: “आलो!”

प्रतिध्वनी इतका उशीर करत नाही.

पहारेकरी पानागोसला विजेरी घेऊन आत पाठवले आणि बस थांबवायला मी धावत खाली आले.

“नऊ रिकाम्या, डॉक्टरबाई,” लाम्ब्रोस म्हणाला. “बसा आता. एपिडाउरसला उशीर होतोय.”

“अर्गीरिस अजून टाकीत आहे.”

“मग तो कोण, माझा मेहुणा?”

स्तामातिनाच्या शेजारी, खिडकीपाशी, अर्गीरिस बसला होता. केस ओले. गडावरून बसपर्यंत वाट एकच, आणि त्या वाटेवर मी होते.

“कुठून आलात तुम्ही?” मी विचारले. तो हसला. फार सभ्यपणे.

“माझ्या नवऱ्याची उलटतपासणी कशाला?” स्तामातिना म्हणाली. बस सुटली.

आर्गोसच्या अलीकडे फोन वाजला. पानागोस होता. “तुमचा म्हातारा सापडला, बाई. गुडघा सोललाय. गाडी कुठेय म्हणून शिव्या घालतोय.”

फोनमध्ये पानागोसच्या मागून शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. आवाज अर्गीरिसचाच होता.

मी मागे पाहिले. खिडकीपाशी तो अजूनही हसत होता.

मी गाडी वळवायला सांगितली. लाम्ब्रोसने गाण्यांचा आवाज वाढवला.

पुढचा इतिहास कागदोपत्री निर्दोष आहे. अर्गीरिसचे ओळखपत्र बायकोच्या पर्समध्ये होते. पोलीस घरी गेले, ओळखपत्रावरचा चेहरा खुर्चीतल्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, कॉफी प्यायले आणि परतले. मायसीनीचा तो ‘कागदपत्रे नसलेला, भ्रमिष्ट वृद्ध’ ठरला. तो एकदा स्वतःच्या दारापर्यंत जाऊन आला. स्तामातिनाने साखळी न काढता दार किलकिले केले, त्याला नीट न्याहाळले आणि लावून घेतले. आता तो पानागोसच्या खोलीत राहतो. त्याला दुसरे काही नको. फक्त घरी जायचे आहे.

काल मी स्तामातिनाला जिन्यात गाठले. शिलालेख उतरवून घेण्यात माझा जन्म गेला. पदरचे अक्षर मी घालत नाही. ती म्हणाली ते असे:

“बसमध्येच ओळखलं होतं मी. माझा हात हातात घेतला ना, तेव्हाच. बेचाळीस वर्षांत त्या मेल्यानं कधी घेतला नव्हता. हा जेवणाला नावं ठेवत नाही, सांगेन तिथे बसतो. अंग गार आहे त्याचं, पण उन्हाळ्यात बरंच की. आणि घोरत नाही, बाई. श्वासच घेत नाही, तर घोरणार कुठून?”