मंगळवारचा वास

मोटार दिसन्याआधी तिचा वास आला.

मी अंगनात ओल्या वाळ्याची ताटी बांधत बसली होती. मे महिन्याचं ऊन, जठारपेठेत कुत्रं बी रस्त्यावर नाई, अन् कुठून तरी डबक्यात म्हैस सडल्यासारखा दर्प आला. त्याच्या मागं एक मोठी हिरवी मोटार आली अन् आमच्याच दारापुढे थांबली. मागून एक जाडजूड पाटील उतरले, नाकाले रुमाल लावून. पुढून उतरला ड्रायव्हर. त्याच्या नाकाले रुमाल नव्हता. मले पाह्यलं अन् त्यानं उगाच केसावरून हात फिरवला.

"आत मेलं काय आहे?" मी इचारलं.

"अजून कोनी नाई," तो म्हने. "पन पाटील रोज म्हनतात, आज मीच मरतो."

हसू आलं होतं, पन मी दाबलं. वळख ना पाळख, त्याच्या बोलन्यावर काहून हसू मी?

पाटलाचं नाव खुशालराव. राहाचे अमरावतीले, पन अकोल्यात त्याइची तेलाची गिरनी होती, दर मंगळवारी ते पाहाले यायचे. नागपूरले कोनाच्या तरी मोटारीत थंडी पेटी पाह्यली, तशीच यानं टिनवाल्याकडून करून घेतली. मागच्या खिडकीत बसवाची, आत वाळा भराचा, वरून पानी ओताचं. मोटार धावली का हवा ओल्या वाळ्यातून गार होऊन आत येते. पहिले पंधरा दिस सोरग. मंग हे. पाटलानं उदबत्त्या लावल्या, कापूर जाळला, अत्तराची बाटली रिकामी केली. पाटलीनबाई म्हनली उंदीर मेला असन, म्हनून सीट उचकटली, तं उंदीर नाई, पाटलाची हरवलेली चष्म्याची डबी निघाली. शेवटी कोनं तरी सांगतलं, वाळ्याचं काही बी असो, देवमनकडे जा.

देवमन म्हंजे माहा बा. उन्हाळ्यात अर्ध्या अकोल्याच्या खिडक्याइले त्याच्या हातच्या ताट्या लागत. अन् त्याच्या हाताखाली मी. सातवीत मास्तरानं उगाच छडी मारली, मी त्याची छडी मोडली, शाळा तितकीच झाली माही. एकोनिसावं लागलं तरी माय अजून त्या छडीवरून बोलते.

मी पेटी उघडली. आतला वाळा काळाठिक्कर, बुडाशी हिरवा गिच्च गाळ.

"पानी कधी टाकते?"

"रोज," ड्रायव्हर म्हने, मोठ्या दिमाखानं.

"अन् काढते कधी?"

"काढा लागते काय?"

"तू रोज जेवते, तं ताट कधी घासतच नाई काय?"

"माय घासते."

"मंग मायले आन."

तो माह्याकडे पाहून हसला. "आनीन ना," म्हने. "सांगशीन तवा."

मले असा राग आला का कानाच्या पाळ्या गरम झाल्या. राग होता का काय होतं, आता सांगता नाई येत.

जुना वाळा मी उकिरड्यावर फेकला. पेटी राखुंडीनं घासली, कडूनिंबाच्या उकळत्या पान्यानं दोनदा धुतली, उन्हात उपडी टाकली. नवा वाळा बानं सोताच्या हातानं बसवला. रोज संध्याकाळी पानी काढून टाकाचं अन् झाकन उघडं ठेवून वाळा सुकू द्याचा, हे मी ड्रायव्हरले समजावून सांगतलं. त्यानं मान हलवली, पन तो आयकून नव्हता राहिला, पाहून राहिला होता.

बा कमी बोलते, पन त्या दिशी बोलला. "पाटील, देवमनच्या हातचा वाळा आहे. आता वास आला तं ताट्या बांधनं सोडून देईन."

पाटील खूश झाले. म्हनले, हे जमलं तं गिरनीच्या अन् अमरावतीच्या बंगल्याच्या सगळ्या ताट्या तुह्याच. जाता जाता ड्रायव्हर बाले म्हने, "जयभीम, काका."

म्हंजे आपल्यातलाच. मले काय त्याचं… पन बांधता बांधता माहा हात थांबला खरा.

पुढच्या मंगळवारी मोटार आली अन् तिच्या आधी वास आला.

मी दात-ओठ खात पेटी धुतली. पेटी त्यानंच मोटारीतून काढून, वाळा उपसून माह्यापुढं ठेवली, अन् बाजूले उभा राहून पानी ओतून देत होता. त्याचं नाव श्रावन, गाव हिवरखेड, हे मी न इचारताच त्यानं सांगतलं. घरी माय आहे, पार्वताबाई, हे बी. मी म्हनलं, ड्रायव्हरभौ, जरा कमी बोला.

"भौ सोडून काही बी म्हना," तो म्हने.

"काहून?"

"असंच." अन् बादलीत पाहून लाजला. एवढा मोठा मानूस, बादलीत पाहून.

त्याच्या पुढच्या मंगळवारी अजून वास. आता पाटलाचं डोकं फिरलं. म्हनले, देवमन, अजून एक मंगळवार पाहीन. वास आला तं ताट्या त्या दुसऱ्या ताटीवाल्या नत्थुजीकडून घेईन, अन् तू काय बोलला होता ते साऱ्या गावाले सांगीन.

त्या दिशी बा जेवला नाई. वाळ्याची एक काडी बोटात फिरवत ओट्यावर बसला.

"मी बोललो होतो ना, शालू," म्हने. "आता सोडा लागन."

त्याच्या हाताले दुसरं काही येत नाई. ताट्या सोडल्या तं बा काय करन? मी मनाशी म्हनलं, हा वास मी हुडकून काढतो, नाई तं नाव बदलतो.

चौथा मंगळवार. वास आला, मोटार आली. पाटील उतरले तसं मी त्याइले इचारलं, हा वास बाकीच्या दिशी बी येते काय?

"नाई ना," पाटील म्हनले. "काल नागपूरले जाऊन आलो, बगीच्यात बसल्यासारखं वाटलं. मूर्तिजापूर सुटलं का सुरू होते. तुमच्या अकोल्याची हवाच खराब."

अकोल्याची हवा? आमी काय नाक घरी ठेवून फिरतो? मी श्रावनकडे पाह्यलं. तो मोटारीच्या चाकाकडे असा पाहत होता जसं त्यानं चाक पहिल्यांदाच पाह्यलं. अन् त्याच्या अंगठ्याच्या नखात एक पांढरा धागा अडकला होता.

माहा मामा दर्यापूरचा. दोराइसाठी अंबाडी नाल्यात भिजू घालते. आठ दिसानं ती सडली का जो वास सुटते, तो एकदा घेतला का जन्मभर याद राह्यते. बा पाटलाले पानी द्याले आत घेऊन गेला, तसा मी पेटीत कोपरापर्यंत हात घातला. वाळ्याच्या खाली, बुडाशी, सडक्या अंबाडीचा बोळा.

श्रावनले मी उभ्या ताटीच्या मागं ओढलं.

"हे काय आहे?"

"अंबाडी."

"ते मले दिसते. काहून?"

तो हळूच म्हने, "पेटी चांगली राह्यली तं पाटील सरळ गिरनीत जाईन. मंग मी जठारपेठेत काहून थांबू?"

ताटीतून वाळ्याचा गार वास येत होता. बोळ्याचा बी येत होता. आयकाले गोड लागलं अन् त्याच वक्ती डोक्यात आग बी लागली. मी बाजूची बादली उचलून त्याच्या अंगावर रिकामी केली.

"माह्या बाचा शब्द गटारात गेला," मी म्हनलं. "तो जेवत नाई. भेटाचं होतं तं तोंड नाई काय तुले?"

"आहे," तो म्हने, नाकावरून पानी गळत होतं. "तुह्यासमोर चालत नाई."

मंग त्याचा चेहरा उतरला. बाचं त्याले माहीतच नव्हतं. बोळा माह्या हातातून घेतला अन् तसाच, निथळत, आत गेला. पाटलासमोर बोळा ठेवून सारं सांगतलं. काहून केलं ते सोडून.

पाटलानं किल्ली हिसकली. "चालता हो," म्हनले, अन् सोताच मोटारीत पुढं जाऊन बसले. मोटार गुरगुरली, एक उडी मारली, अन् सरळ आमच्या वाळ्याच्या ढिगात घुसली. पाटील उतरले तं डोक्यात वाळा, मिशीत वाळा.

"घे किल्ली," म्हनले श्रावनले. "पन जठारपेठेत चाक नाई लागलं पायजे आता."

बाले सगळ्या ताट्या भेटल्या. त्या रात्री बानं भाकर मागून खाल्ली. सारं चांगलं झालं… अन् मंगळवारी मोटार रस्त्यावरून निघून गेली. नुसता भोंगा वाजला. त्याच्या पुढच्या मंगळवारी बी भोंगाच.

मले रडू नाई येत, रागच येते. पाटलासमोर उभं राहाले जमते, अन् माह्या बाशी बोलाले याले भोंगा लागते? आभाळ भरू लागलं होतं. एकदा पानी लागलं का ताट्या उतरतात, थंड्या पेट्या माळ्यावर जातात. मंग कोन कशाले थांबते?

पाटलानं टाकलेला तो बोळा कुंपनावर वाळून पडला होता. मी तो गाडग्यात भिजू घातला, झाकन लावून. मंगळवारी बाले म्हनलं, गिरनीतल्या ताट्या पाहून येतो. गिरनीपुढं मोटार लिंबाच्या सावलीत उभी होती. श्रावन चहाले गेला होता.

दुपारी वास आला. त्याच्या मागं मोटार आली.

श्रावन उतरला तोच हात जोडून. "पाटील, मायची आन, मी नाई."

पाटलानं त्याच्याकडे पाह्यलं. मंग माह्याकडे.

"शालूबाई, हात दाखव."

मी हात पाठीमागं घेतले. पाटील बाजेवर बसले, रुमाल नाकावरून काढला, पुन्हा लावला.

"देवमन," म्हनले, "ह्या दोघाइचं काय ते उरकून टाक बावा. सोयरीक तुमची अन् नाक माहं."

बानं माह्याकडे पाह्यलं. मंग श्रावनले इचारलं, "तुले काही बोलाचं आहे?"

श्रावननं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"काका… पेटी… पेटी नाई. शालू. मले शालू पायजे."

बा काडी मोडत बसला. माहा जीव त्या काडीत.

"मंग मायले आन," बा म्हने.

पुढच्या मंगळवारी मी ओट्यावर बसली होती. हातात काही काम नव्हतं. रस्त्याच्या वळनावरून पहिले वाळ्याचा वास आला, गार, ओला, मातीसारखा. मंग मोटार आली. पाटील उतरले, आज रुमाल खिशात. मागच्या दारातून एक म्हातारी उतरली, पांढरं लुगडं, हातात पिशवी. उतरल्या उतरल्या तिनं मले वरून खालून पाह्यलं.

"तूच काय वं, माह्या पोराले ताट घासाले शिकवनारी?" ती म्हने.

श्रावन तिच्या मागं उभा. केसावरून हात फिरवत.

"तूच म्हनली होती," तो मले म्हने. "आनली."